रुईपासून कंदीलपुष्पापर्यंत

पलूस म्हटले की आठवतात द्राक्षबागा, कृष्णाकाठचा ऊस, किर्लोस्करवाडी, कुंडल आणि औदुंबर. येथल्या काळ्या मातीच्या कौतुकाला कधी कमतरता पडली नाही. मळी आणि कसदार काळ्या रानाबद्दल भरभरून बोलले गेले. पण त्याच तालुक्याच्या उत्तर-पश्चिमेला जी डोंगराची रांग उभी आहे, तिच्या मुरमाड उतारांबद्दल, कुसळी गवताबद्दल आणि त्या गवतात पावसाळ्यापुरत्या येऊन जाणाऱ्या वेलींबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. या पुस्तिकेचा विषय तिथला आहे. शास्त्रीय नाव सेरोपेजिया; मराठीत कंदीलपुष्प. गुराख्यांच्या तोंडी खरपुडी किंवा खरचुडी, काही भागांत हमण. वाचकांनी यांपैकी एकही नाव आधी ऐकले नसेल तर त्यात वावगे काही नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्यांनाही ही फुले बहुतेक वेळा पुस्तकातच भेटलेली असतात.

कंदीलपुष्प ही रुईच्या कुळातली प्रजात. तिच्यातल्या बहुतेक जाती नाजूक वेली आहेत, काही गवतात ताठ उभ्या राहणाऱ्या बुटक्या वनस्पती आहेत. फूल साधारण बोटाच्या पेरापासून दोन-तीन पेरांएवढे. खाली फुगीर तळ, त्यावर अरुंद नळी, नळीचे तोंड पुन्हा रुंद, आणि तिथून निघालेल्या पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. त्यामुळे वर पाच खिडक्यांचा पिंजरा तयार होतो. मराठी नाव या घडणीवरूनच आले. हिरवट, पिवळसर, जांभळट, तपकिरी ठिपक्यांचे असे रंग असतात. गवतात ते सहज दिसत नाहीत. दुरून लक्ष वेधून घेणारे हे फूल नव्हे. ते गुडघे टेकून पाहावे लागते, आणि तसे एकदा पाहिले की इतक्या लहान जागेत एवढी रचना कशी मावली याचे आश्चर्य पुढे कधी कमी होत नाही.

ही फुले अपरिचित राहण्याचे मुख्य कारण त्यांच्या वार्षिक क्रमात आहे. वर्षातले सात-आठ महिने जमिनीच्या वर या वनस्पतीचे काहीच नसते. सगळा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. मृगाचे चार पाऊस पडले की कोंब वर येतो, आषाढ-श्रावणात वेल झुडपावर चढते, श्रावण-भाद्रपदात फुले येतात, दिवाळीच्या सुमारास शेंगा पिकून बी उडून जाते आणि वेल सुकते. डोंगरावर आपण फिरायला जातो ते बहुधा हिवाळ्यात, म्हणजे नेमके ती दिसेनाशी झाल्यावर. पावसाळ्यात गेलो तरी नजर धबधब्याकडे आणि धुक्याकडे असते. म्हणून ‘आमच्याकडे हे नाही’ असे कोणी सांगितले तर ते लगेच मान्य करू नये. त्यांनी केव्हा आणि कुठे पाहिले, हे आधी विचारावे.

या विषयात शिरण्याची वाट माझ्या मते रुईपासून सुरू होते. पलूसच्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला, पडक्या वाड्यात, माळावर रुई आहे. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घातली जाते, पण तिचे फूल उलगडून कोणी पाहत नाही. तुम्ही ते पाहा. जांभळट-पांढऱ्या पाच पाकळ्यांच्या मध्ये जो उभा मुकुट दिसतो, तिथे पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे राहिलेले नाहीत. दोन्ही मिळून एकच खांब झाला आहे. खांबाच्या माथ्यावर पाच कोपरे आहेत. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावा. प्रत्येक कोपऱ्याशी एक बारीक, काळसर, चकचकीत ठिपका दिसेल, आणि त्याच्याखाली एक उभी फट. त्या फटीत सुईचे टोक खालून वर अलगद सरकवा. ठिपका सुईला धरून बाहेर येतो आणि त्याच्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या दोन पिवळसर मेणचट पिशव्याही येतात. रुईचा पराग असा असतो. सुटी भुकटी नाही. सगळा पराग दोन पुंजांत भरलेला आणि काळ्या ठिपक्याने जोडलेला. तो ठिपका म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी एक सूक्ष्म चिमटी आहे.

रुईवर मोठा काळा भुंगा येतो. मध पिताना त्याचा पाय फटीत घसरतो, ओढून काढताना चिमटी पायाला बसते, आणि पुढच्या फुलावर तोच पाय फटीत गेला तर पुंज तिथे अडकून राहतो. व्यवहार सगळा अचूकतेवर चालतो. म्हणूनच रुईला फुलांचे घोस किती, आणि बोंडे किती थोडी, याचा हिशेब लागतो. एकदा पुंज योग्य जागी बसला की मात्र एका बोंडात शेकडो बिया एकदम धरतात. त्याच बियांना रेशमी केसांचा झुपका असतो आणि मुले त्यांना ‘म्हातारी’ म्हणून फुंकरीवर उडवतात. सुईची ही कृती शाळेतल्या मुलांनाही करता येते. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये आणि हात लगेच धुवावेत. हे एवढे समजले की या कुळाचे अर्धे व्याकरण हाती आले असे समजावे.

पुढची पायरी बांधावरची. कुंपणावर चढलेली उतरण, डोंगराच्या पायथ्याची अनंतमूळ, पान चघळले की जिभेला साखरेची गोडी कळेनाशी करणारी गुडमार, खडकाच्या कपारीत बिनपानांच्या चौकोनी दांड्यांनी वाढणारे माकडशिंग, ही सारी त्याच गोतावळ्यातली. समोरासमोर पाने, शेंगांची जोडी, केसाळ बी आणि परागाचे पुंज या खुणा सगळ्यांत थोड्याफार फरकाने सापडतात. रुईच्या कुळाची ओळख चिकावरून करायची आपली सवय असते, आणि नवख्याची फसगत इथेच होते. कंदीलपुष्पाच्या वेलीचे पान तोडले तर पांढरे दूध येत नाही. रस पाण्यासारखा असतो. दूध नाही म्हणून ही वेल या कुळातली नव्हे असा निष्कर्ष काढू नये. फुलातली चिमटी पाहावी.

आता कंदीलपुष्पाकडे येऊ. रुईने भुंग्याला मोकळे सोडले आहे. कंदीलपुष्प माशीला कोंडून घेते. हे काम चिलटाएवढ्या माश्यांवर चालते. फुलाच्या वरच्या पिंजऱ्याभोवती सूक्ष्म गंध असतो, आपल्या नाकाला बहुतेक जातींत तो कळतही नाही. माशी पाकळीच्या आतल्या कडेवर बसते. तिथला पृष्ठभाग निसरडा असतो, तिचा पाय सुटतो आणि ती नळीत उतरते. नळीच्या आतले केस खाली झुकलेले असतात, त्यामुळे खाली जाणे सोपे आणि वर येणे अवघड. तळाच्या फुगीर कोठीत उजेड झिरपेल अशी फिकट जागा असते. कीटकाची सहज प्रवृत्ती उजेडाकडे जाण्याची. म्हणून तो वरच्या अंधाऱ्या नळीकडे न जाता तळाशीच घुटमळतो. आणि तळाशी तोच मुकुट, त्याच फटी, तीच चिमटी. माशी तोंड खुपसते आणि परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतात. साधारण एका दिवसाने नळीतले केस मलूल होतात, फूल कलते, वाट मोकळी होते. माशी बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलाच्या गंधाला पुन्हा भुलते.

मांसाहारी वनस्पतींशी या प्रकाराची गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगायला हवे: कंदीलपुष्प माशीला खात नाही. तिला जिवंत बाहेर सोडणे हाच त्याचा फायदा आहे. सेरोपेजियाच्या वेगवेगळ्या जाती माश्यांना कशाचे आमिष दाखवतात यावर जगभर अभ्यास चालू आहे, आणि त्यातला एक निष्कर्ष मला विलक्षण वाटतो. दक्षिण आफ्रिकेत सेरोपेजिया सँडरसोनाय नावाची जात आहे. काही बारीक माश्या कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या अंगातून झिरपणाऱ्या रसावर जगतात. घायाळ मधमाशी जो गंध सोडते, तसाच गंध हे फूल तयार करते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माश्या मेजवानीच्या आशेने येतात आणि परागवाहक होऊन जातात. आपल्याकडच्या जातींचे गंध, त्यांच्या माश्या, त्यांच्या वेळा यांवर काम करायला अजून पुष्कळ वाव आहे. ज्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत जाण्याआधी डोंगरावर बसायची आवड आहे, त्याने इकडे जरूर वळावे.

पलूसच्या परिसरात शोध सुरू करायचा तर सेरोपेजिया बल्बोसा या जातीपासून करावा. सह्याद्रीच्या जोरदार पावसाच्या जाती इकडच्या कोरड्या हवेत मिळायच्या नाहीत. ही मात्र दख्खनच्या कमी पावसाच्या माळांची, काटेरी झुडपांची सोबतीण आहे. बोराटी, हिवर, घाणेरीच्या जाळीत ती वर चढते. पाने थोडी मांसल. फूल लहान, हिरवट नळीचे, वर जांभळट छटेचे. हिच्या पानांबद्दल वाचकांना आधीच सावध करतो. एका वेलीचे पान गोलसर, तर शेजारच्या वेलीचे दोऱ्यासारखे अरुंद, असा फरक एकाच माळावर दिसतो. पानावरून जात ठरवायला निघालेला माणूस इथे एकीच्या दोन जाती करून ठेवतो. अरुंद पानांच्या वेलींना जुन्या ग्रंथांतून वेगळे नावही मिळालेले आहे. फुलापर्यंत थांबावे. या कुळात निर्णय फुलाच्या आत होतो.

हिचा कंद खाल्ला जातो. दुष्काळी मुलखात ज्या रानकंदांनी माणसांना हात दिला त्यांत खरपुडीची गणना होते, आणि गुराख्यांची पोरे ती कच्चीच खात. हे ज्ञान आदराने नोंदवण्यासारखे आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो की माळावर जाण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या मेंढपाळाकडे किंवा गुरे राखलेल्या आजोबांकडे बसा. वेल कुठल्या उतारावर येते, कधी फुलते, रानडुक्कर आणि साळिंदर कुठे उकरतात, हे त्यांना आपल्यापेक्षा नेमके ठाऊक असते.

पश्चिमेकडे सरकत गेले की चित्र पालटते. सातारा जिल्ह्यातली पठारे म्हणजे कंदीलपुष्पांचे माहेर. पाचगणीचे नाव तर एका जातीला कायमचे जोडले गेले आहे: सेरोपेजिया पंचगणिएन्सिस. इथल्या रानफुलांच्या नोंदींनी पुढच्या पिढ्यांना वाट दाखवणारे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनी तिचे वर्णन केले. कासच्या पठारावर गवतात ताठ उभी राहणारी, वीतभर उंचीची सेरोपेजिया जैनी मिळते. वनस्पती आणि आदिवासी यांच्या नात्याचा अभ्यास भारतात रुजवणारे डॉ. एस. के. जैन यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ठेवलेले आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा कास त्यात होते, आणि तेव्हापासून तिथे लोटणारी गर्दी सर्वांना माहीत आहे. त्या गर्दीतले बहुतेक डोळे तेरड्याच्या आणि सीतेच्या आसवांच्या गालिच्यावर असतात. सेरोपेजिया जैनी गालिचा करत नाही. ती एकेकटी उभी असते, आणि वाटेच्या कडेला थांबून शांतपणे पाहणाऱ्यालाच दिसते.

भारतात कंदीलपुष्पांच्या साठाच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य भारताबाहेर कुठेच नाहीत. सह्याद्री हा त्यांचा मोठा गड. एवढ्या जाती एका डोंगररांगेत का, याचे उत्तर भूगोलात शोधावे लागते. सह्याद्रीचे सडे आणि माथे एकमेकांपासून खोल दऱ्यांनी तुटलेले आहेत. फुलाची माशी फार दूर जात नाही. बी वाऱ्यावर उडते खरे, पण ते योग्य उंचीच्या, योग्य मातीच्या, योग्य पावसाच्या जागी पडायला हवे. अशा तुटक वस्त्यांत हजारो वर्षे राहिलेल्या वेली हळूहळू वेगळ्या होत गेल्या असाव्यात. म्हणूनच एखादी जात एका गडावर सापडते आणि समोर दिसणाऱ्या दुसऱ्या गडावर सापडत नाही. २००६ साली नाशिकजवळच्या अंजनेरीवरून जी नवी जात वर्णन केली गेली, तिचे सेरोपेजिया अंजनेरिका हे नावच त्या डोंगराचे आहे.

या अभ्यासाचा इतिहास सांगताना मला मनापासून आनंद होतो, कारण त्यात आपली माणसे जागोजागी भेटतात. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्या कामात होते. त्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले निवेदन त्या ग्रंथात छापलेले आहे. या ग्रंथातल्या एका वेलीच्या चित्रावर विसंबून लिनियसने १७५३ साली सेरोपेजिया ही प्रजात स्थापली. जगभरच्या कंदीलपुष्पांचे मूळ नाव अशा रीतीने आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वेलीवर उभे आहे.

पुढचा टप्पा इंग्रजी अमदानीतला. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी जॉन लॉ यांच्या नावाची सेरोपेजिया लॉई हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८३ साली वर्णन केली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ ते १९०८ या काळात, पुरा झाला आणि आजही तो उघडल्याशिवाय आपल्या भागात काम होत नाही. १९५७ साली जर्मन अभ्यासक हर्बर्ट हुबर यांनी साऱ्या जगातल्या सेरोपेजियाची फेरमांडणी केली. खरी भरती मात्र त्यानंतर आली. १९५५ मध्येच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ पुण्यात सुरू झाले होते आणि तिथल्या एम. वाय. अन्सारी यांनी या एका प्रजातीला आयुष्यातली मोठी वर्षे दिली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या जातींची नावे वाचत गेले की ती एक गुरुपरंपराच वाटते. हुबेरी ही हुबर यांची, मॅककॅनी ही मॅककॅन यांची, सांतापावी ही फादर सांतापाव यांची, महाबळेई ही पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांची. भारतीय सेरोपेजियांवरचा अन्सारींचा पुस्तकरूप आढावा १९८४ साली प्रसिद्ध झाला. डोंगरावर पाय झिजवून मिळवलेले ज्ञान त्यात कसे दिसते हे त्यातली वर्णने वाचताना कळते.

या अभ्यासाची पालखी नंतर कोल्हापुरात आली. शिवाजी विद्यापीठातले प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्री पुन्हा पायाखाली घातला. जुन्या जातींच्या मूळ जागा तपासल्या, नव्या जाती वर्णन केल्या, त्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. बहुतेक जातींत ती २२ असतात. आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात यातल्या दुर्मीळ जातींची जोपासना केली. सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या ग्रामीण घरांतली मुले ज्या विद्यापीठात शिकतात, ते विद्यापीठ या प्रजातीच्या अभ्यासाचे भारतातले प्रमुख ठिकाण व्हावे, ही गोष्ट आपल्या भागात अजून पुरेशी माहीत नाही. ती माहीत व्हावी, हाही या पुस्तिकेचा एक हेतू आहे.

कंदीलपुष्पाच्या एका जवळच्या नातलगाचा उल्लेख केल्याशिवाय सातारचा विषय संपत नाही. शिंदळ माकडी नावाने ओळखली जाणारी फ्रेरिया इंडिका ही मांसल वनस्पती उभ्या कड्यांवर वाढते. सज्जनगड आणि शिवनेरी ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. फुले चांदणीसारख्या पाच टोकांची, गर्द तांबडी, त्यांवर पिवळे डाग. माकडशिंगाच्या जवळच्या गोतातली असूनही हिला पावसाळ्यात ठळक पाने येतात, आणि हे तिचे वैशिष्ट्य. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. हे फ्रिअर त्याआधी साताऱ्यात ब्रिटिश रेसिडेंट होते. सातारचे राज्य खालसा होताना पाहिलेल्या अधिकाऱ्याचे नाव सातारच्याच कड्यावरच्या रोपाला मिळावे, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकांनाही रुचेल. दीर्घकाळ ही एकाच जातीची प्रजात मानली गेली आणि अतिधोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिची चर्चा जगभर झाली.

‘मानली गेली’ असे म्हटले, कारण या क्षेत्रात नावे बदलत राहतात आणि नवख्याला त्याचा त्रास होतो. १८१० साली रॉबर्ट ब्राउन यांनी रुईचे कूळ कण्हेरीच्या कुळापासून वेगळे काढले. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या पुराव्याने ती दोन्ही पुन्हा एक झाली. आजच्या पुस्तकात रुई, कण्हेर, सदाफुली आणि देवचाफा एकाच कुळात दिसतील. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. माकडशिंगासारख्या मांसल वनस्पती आणि ब्रॅकिस्टेल्मा ही कंदधारी प्रजात, या सगळ्यांना त्यांनी सेरोपेजियातच सामावून घेतले. त्यांच्या हिशेबाने सेरोपेजियाच्या जाती सातशेच्या घरात जातात. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही. या पुस्तिकेत जुनी, आटोपशीर व्याप्ती ठेवली आहे, कारण माळावर उभ्या असलेल्या माणसाला कंदिलाच्या आकाराचे फूल आणि चांदणीसारखे फूल वेगळे ओळखता येणे आधी गरजेचे आहे. पुढे संशोधनात जाणाऱ्यांनी नवी मांडणी अवश्य अभ्यासावी. तिच्यामागचा पुरावा भक्कम आहे.

शहरातल्या वाचकांनीही आपला या विषयाशी संबंध नाही असे समजू नये. रोपवाटिकांतून ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाने मिळणारी, हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल म्हणजे दक्षिण आफ्रिकेकडची सेरोपेजिया वुडीच. ती गॅलरीत असेल तर तिचे फूल भिंगाखाली पाहून ठेवा. आपल्या डोंगरावरच्या वेलीचे फूल समोर येईल त्या दिवशी ओळख पटायला वेळ लागणार नाही.

प्रत्यक्ष पाहणीबद्दल थोडे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हा काळ धरा. बरोबर दहापट भिंग, मोजपट्टी, पेन्सिल आणि कोऱ्या कागदाची वही पुरे. मोबाइलने फोटो काढताना फूल बाजूने, वरून आणि पानासकट असे तिन्ही घ्या. एकट्या पिंजऱ्याचा सुंदर फोटो ओळख पटवायला बहुधा निरुपयोगी ठरतो. मात्र चित्र काढाच. नळी कुठे वाकते, केस कुठे आहेत, पाकळ्यांची टोके कशी जुळतात, हे हाताने काढताना जितके दिसते तितके कॅमेऱ्यातून दिसत नाही. एखाद्या जागी पुष्कळ फुले असतील तरच एखादे फूल उभे चिरून आतला मुकुट पाहावा. नाहीतर गळून पडलेल्या फुलावर काम भागवावे. इंग्रजी वाचता येत असेल तर श्रीकांत इंगळहळीकर यांची सह्याद्रीच्या फुलांवरची चित्रमय पुस्तके हाताशी ठेवावीत. विद्यापीठाबाहेरच्या माणसाला केवढे काम उभे करता येते, याचा ती पुरावा आहेत.

जागा निवडताना पलूसकरांना सागरेश्वर जवळ आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले, १९८५ साली घोषित झालेले हे साडेदहा चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे अभयारण्य, उजाड डोंगरही हिरवा करता येतो हे दाखवून देणारे उदाहरण आहे. तिथे जाताना वनखात्याची परवानगी आणि नियम पाळावेत. पण शोध तिथेच थांबवू नये. गायरान, देवस्थानाची टेकडी, ओढ्याकाठची ताल, न नांगरलेला बांध हीही कंदीलपुष्पाची घरे असू शकतात.

आणि ही घरे कमी होत आहेत. ताकारी, टेंभूसारख्या उपसा योजनांनी डोंगराच्या कुशीपर्यंत पाणी आले, आणि ज्यांनी टँकरची वर्षे काढली त्यांना त्याचे मोल सांगायला नको. पाण्यामागोमाग जेसीबी आला, उताराचे सपाटीकरण झाले, मुरूम उपसला गेला. सातारच्या पठारांवर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते आले. आणखी एक नुकसान चांगल्या हेतूने होते: माळ ‘ओसाड’ समजून त्यावर ग्लिरिसिडियासारखी झाडे दाट लावली जातात, आणि उन्हाच्या गवताळ जागेत वाढणाऱ्या वेलींचा उजेड जातो. गवताळ माळ ही झाडांची वाट पाहणारी रिकामी जागा नाही, ती स्वतःच एक पूर्ण वसाहत आहे, असे माझे ठाम मत आहे. वृक्षारोपण करणाऱ्या मंडळांनी एक पावसाळा तो माळ पाहावा आणि मगच खड्डे घ्यावेत. वणव्याचेही तसेच, पेटवलेल्या गवताबरोबर पिकायच्या राहिलेल्या शेंगाही जातात.

अलीकडे फुलवेड्या माणसांकडूनही धोका वाढला आहे, हे आपसात बोलले पाहिजे. दुर्मीळ जात सापडली की तिचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमावर जातो, दुसऱ्या दिवशी तिथे पावले पडतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी कंद घरच्या कुंडीसाठी काढून नेतो. काही जातींच्या एका जागी मोजकीच रोपे उरलेली असतात. एक कंद गेला तरी त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर परिणाम होतो. वाचकांनी तालुक्याचे नाव सांगावे, टेकडीचे सांगू नये. नेमकी नोंद, तारखेसह, जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा विद्यापीठाकडे द्यावी. तिथे ती जपली जाते आणि उपयोगाला येते.

पुढच्या पानांवर जातींची वर्णने आहेत. ती सलग वाचून काढायची नाहीत. आधी रुईचे एक फूल सुईने उलगडा, मग उतरणीचे, आणि या पावसाळ्यात तुमच्या गावच्या माळावर जा. काही सापडले तर मोजा, चित्र काढा, नोंद करा आणि कळवा. कंद मात्र जमिनीतच राहू द्या.